पिंग स्वच्छ, कॉपी मात्र रखडलेली: इथरनेट पोर्टचा स्पीड आणि डुप्लेक्स नीट कसा लावायचा

पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का हे बघायची चाचणी) मारलं तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतंय, एकही पॅकेट गळत नाही. स्विचवर दिवा हिरवा आहे. रिमोट डेस्कटॉपही बऱ्यापैकी चालतं. पण चार जीबीची एक फाइल कॉपी करायला घेतली की गाडी अडते. १०० एमबीपीएसच्या लिंकवर जे काम सहा-सात मिनिटांचं, ते तास झाला तरी अर्ध्यावरच असतं. वापरणारा म्हणतो नेटवर्क स्लो आहे, नेटवर्कवाला म्हणतो माझ्याकडे तर सगळं अप दिसतंय, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

ही लक्षणं एकत्र दिसली की केबल, डिस्क, अँटिव्हायरस यांतलं काहीही बघायच्या आधी मी दोन्ही टोकांचा डुप्लेक्स बघतो, म्हणजे त्या टोकाला एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं (फुल) की एका वेळी दोन्हींपैकी एकच (हाफ). एक टोक फुल आणि दुसरं हाफ असेल तर त्याला डुप्लेक्स मिसमॅच म्हणतात. तो बहुतेक वेळा एकाच चुकीतून होतो: एका टोकाला कोणीतरी स्पीड आणि डुप्लेक्स हाताने फिक्स करून ठेवलेला असतो आणि दुसरं टोक ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून आपोआप ठरवायच्या सेटिंगवर असतं.

पुढच्या कमांड मी फोनवरून सहकाऱ्याला सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. लिनक्सच्या इंटरफेसचं नाव सगळीकडे ईटीएच० धरलं आहे, तुमच्याकडे जे असेल ते घाला.

केबल लावल्यावर दोन पोर्ट काय बोलतात

१० एमबीपीएसच्या जुन्या काळात ट्विस्टेड पेअरवरची (पिळलेल्या तांब्याच्या तारांच्या जोड्यांवरची) उपकरणं दर १६ मिलिसेकंदांनी एक पल्स सोडायची. ‘मी जिवंत आहे’ एवढाच तिचा अर्थ. १९९५ साली फास्ट इथरनेटचं ८०२.३यू हे स्टँडर्ड आलं, आणि त्यासोबत ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही टोकांची आपसातली बोलणीही. नॅशनल सेमीकंडक्टरच्या एनवे या तंत्रावर ते बेतलेलं होतं. त्यात त्या एकट्या पल्सच्या जागी पल्सचा एक झुबका आला. झुबक्यात ३३ जागा असतात. त्यांतल्या १७ जागी घड्याळाची पल्स असते, ती प्रत्येक वेळी येतेच. मधल्या १६ जागांवर पल्स असेल तर १, नसेल तर ०. म्हणजे एका झुबक्यातून १६ बिटांचा एक शब्द पलीकडे जातो: मला १० हाफ येतं, १० फुल येतं, १०० हाफ, १०० फुल, पॉज फ्रेम (‘जरा थांब’ सांगणारे संदेश) समजतात, वगैरे. हा झुबका साधारण दोन मिलिसेकंदांचा असतो आणि तोही दर १६ मिलिसेकंदांनीच येतो, त्यामुळे जुन्या उपकरणाला ती आपली ओळखीची एकच पल्स वाटते.

पलीकडून तोच शब्द लागोपाठ तीन वेळा आला की पोर्ट ‘मिळालं’ असं सांगणारा बिट लावून उत्तर देतो. मग दोघांच्या यादीत जे जे सामाईक, त्यातलं सर्वांत वरचं निवडलं जातं. क्रम ठरलेला आहे: १००० फुल, १००० हाफ, १०० फुल, १०० हाफ, १० फुल, १० हाफ. मध्ये आणखी एक-दोन जुने प्रकार येतात, पण ते आता कुठे दिसत नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही पोर्ट आपली यादी पाठवतात आणि एकाच नियमाने आपापला निष्कर्ष काढतात. ‘मी शेवटी हे निवडलं’ असा निरोप कोणीच कोणाला देत नाही.

गोम इथेच आहे. तुम्ही एका टोकाला ‘१०० फुल’ फिक्स केलं की बहुतेक जुन्या कार्डांवर आणि स्विचवर ऑटो-निगोशिएशन बंदच होतं. तो पोर्ट झुबके पाठवायचं थांबवतो आणि थेट १०० चा सिग्नल सोडायला लागतो. ऑटोवरच्या टोकाला यादी मिळत नाही, पण तारेवर येणारा सिग्नल १० चा आहे की १०० चा हे त्याला ओळखता येतं. याला पॅरलल डिटेक्शन म्हणतात. स्पीड असा ओळखता आला तरी डुप्लेक्स ओळखायचा काही मार्ग नाही, कारण हाफ असो वा फुल, तारेवरचा सिग्नल दिसायला तोच. अशा वेळी स्टँडर्ड सांगतं: हाफ धरा. कारण समोर जुना हब (एका पोर्टवर आलेलं बाकी सगळ्या पोर्टवर सोडणारा साधा डबा) असू शकतो आणि हबला फक्त हाफ कळतं.

म्हणजे ऑटोवरचं टोक चुकत नाही, ते नियमच पाळतं. तुम्ही फुल सांगितलंत ते फक्त एकाच बाजूला.

मिसमॅच झाला की तारेवर काय घडतं

हाफ डुप्लेक्सचं टोक आधी ऐकतं, तार मोकळी असेल तरच बोलतं. बोलताना दुसऱ्याचा आवाज आला तर टक्कर झाली असं समजून आपली फ्रेम (तारेवर जाणारा डेटाचा एक तुकडा) मध्येच तोडतं, थोडं थांबतं, पुन्हा प्रयत्न करतं. फुल डुप्लेक्सचं टोक यातलं काहीच करत नाही. त्याच्या लेखी टक्कर ही गोष्टच अस्तित्वात नाही, म्हणून ते हवं तेव्हा बोलतं.

आता पिंग का चालतं ते बघा. एक पॅकेट जातं, ते पोहोचल्यावर उत्तर निघतं. दोघं एकाच वेळी बोलायची वेळच येत नाही. फाइल कॉपी करताना मात्र डेटा एका दिशेने अखंड वाहतो आणि त्याच वेळी टीसीपीच्या (डेटा नीट पोहोचतोय ना हे बघणाऱ्या प्रोटोकॉलच्या) पोचपावत्या उलट दिशेने येत राहतात. हाफच्या टोकाची फ्रेम अर्धी गेलेली असते, तेवढ्यात समोरून पोचपावती येते आणि फ्रेम तुटते.

आणि ती तुटते तीही फार उशिरा. १०० एमबीपीएसवर टक्कर पहिल्या ५१२ बिटांच्या आत, म्हणजे ५.१२ मायक्रोसेकंदांत कळायला हवी असा नियम आहे. पूर्ण आकाराची फ्रेम मात्र तारेवर १२० मायक्रोसेकंदांच्या वर असते. समोरचा बेफिकीरपणे कधीही बोलणार असेल, तर बहुतेक टकरी त्या पहिल्या पाच मायक्रोसेकंदांनंतरच होणार. यांना लेट कोलिजन म्हणतात. साधी टक्कर झाली तर कार्ड स्वतःच फ्रेम पुन्हा पाठवतं. लेट कोलिजन झालं तर सहसा पाठवत नाही, फ्रेम गेली ती गेलीच. मग ती हरवल्याचं टीसीपीला कळेपर्यंत वाट बघायची, आणि तोवर टीसीपीने आपला वेग आणखी कमी केलेला असतो. १०० ची लिंक पाच-दहावर येते ती अशी.

दोन्ही टोकांचे काउंटर वेगवेगळी कहाणी सांगतात, आणि निदानाला तेच उपयोगी पडतं. हाफच्या टोकाला कोलिजन आणि लेट कोलिजन वाढत जातात. फुलच्या टोकाला तुटक्या फ्रेम येऊन आदळतात, म्हणून तिथे एफसीएस किंवा सीआरसी एरर (फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा न जुळणं) आणि रंट (किमान आकाराहून छोट्या फ्रेम) वाढतात. फक्त सीआरसी एरर बघून केबल बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक मीच होतो.

एका बॅकअप सर्व्हरचं प्रकरण होतं. आठवड्याच्या शेवटी जुना स्विच काढून नवा बसवला, सगळे पोर्ट ऑटोवर, सगळे दिवे हिरवे, आम्ही खुशीत घरी. पहाटे दोनला संपणारा बॅकअप सोमवारी सकाळी दहालाही चालूच. मी पॅच कॉर्ड बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, मग डिस्कवर संशय घेतला, एक अख्खी रात्र त्यातच गेली. सर्व्हरवर सीआरसी एरर दिसत होते, त्यामुळे केबल खराब आहे ही माझी समजूत घट्ट होत गेली. शेवटी स्विचच्या बाजूचे काउंटर उघडले. लेट कोलिजनचा आकडा पाच अंकी. सर्व्हरचं कार्ड माझ्या आधीच्या माणसाने कधीतरी १०० फुलवर फिक्स केलेलं होतं. जुन्या स्विचवर त्याने तसंच केलं होतं, म्हणून इतकी वर्षं ठीक चाललं. दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नाही.

हात लावण्याआधी: दोन्ही टोकं वाचा

एकच टोक बघून निर्णय घेऊ नका. फुलवर फिक्स केलेलं टोक तुम्हाला अगदी आत्मविश्वासाने ‘१०० फुल’ असंच सांगणार.

लिनक्सवर:

ईथटूल ईटीएच०

यात वरून खाली चार गोष्टी वाचायच्या. सपोर्टेड लिंक मोड्स म्हणजे कार्डाला काय काय येतं. ॲडव्हर्टाइज्ड लिंक मोड्स म्हणजे त्यातलं आपण समोर काय जाहीर करतोय. लिंक पार्टनर ॲडव्हर्टाइज्ड म्हणजे समोरच्याने काय जाहीर केलं. आणि खाली स्पीड, डुप्लेक्स, ऑटो-निगोशिएशन हा अंतिम निकाल. तिसऱ्या गोष्टीपाशी, लिंक पार्टनरच्या ऑटो-निगोशिएशनसमोर ‘नो’ दिसलं आणि खाली डुप्लेक्स ‘हाफ’ असेल, तर शोध संपला. समोरचं टोक फिक्स आहे आणि आपल्याकडे पॅरलल डिटेक्शन झालंय. काही ड्रायव्हर लिंक पार्टनरची माहिती देतच नाहीत, तेव्हा समोरच्या स्विचवर जाऊन बघण्याला पर्याय नाही.

काउंटरसाठी ईथटूल, मग डॅश आणि कॅपिटल एस, मग इंटरफेसचं नाव. स्मॉल एस टाकलात तर ती सेटिंग बदलायची कमांड होते, तेवढं सांभाळा. यादी लांबलचक येते आणि नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात. सीआरसी, एफसीएस, लेट आणि कोलिजन या शब्दांवर ग्रेप मारून तेवढ्याच ओळी काढा म्हणजे पुरे.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-नेटअडॅप्टर चालवा आणि फॉरमॅट-लिस्टला नाव, लिंकस्पीड आणि फुलडुप्लेक्स हे तीन गुणधर्म द्या. फुलडुप्लेक्ससमोर ट्रू किंवा फॉल्स येतं. हा लिंकचा निकाल झाला. सेटिंग ऑटोवर आहे की फिक्स, हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतं: कार्डाच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे स्पीड अँड डुप्लेक्स. काही कंपन्यांचे ड्रायव्हर हे वेगळ्या टॅबवर ठेवतात.

सिस्कोच्या स्विचवर शो इंटरफेसेस स्टेटस ही एक ओळ मला सर्वांत आवडते, कारण ती निकालासोबत तो कसा लागला हेही सांगते. डुप्लेक्सच्या रकान्यात ‘ए-फुल’ आणि स्पीडच्या रकान्यात ‘ए-१०००’ असेल तर तो ‘ए’ म्हणजे ऑटोने ठरलेलं. नुसतं ‘फुल’ आणि ‘१००’ असेल तर हाताने फिक्स. आणि ‘ए-हाफ, ए-१००’ दिसलं तर कान टवकारा. आजच्या कुठल्याही बऱ्या उपकरणाला १०० फुल येतंच, त्यामुळे खरी बोलणी झाली असती तर निकाल हाफ लागलाच नसता. ४८ पोर्टच्या स्विचवर नुसती ही यादी वरून खाली चाळली तरी संशयित दोन मिनिटांत सापडतात.

दोन्ही बाजूंना सिस्को असेल तर सीडीपी (सिस्कोची शेजारची उपकरणं ओळखायची सोय) स्वतःच लॉगमध्ये डुप्लेक्स मिसमॅचची तक्रार लिहीत राहतं. लोक ती वर्षानुवर्षं वाचत नाहीत. एलएलडीपी या त्याच कामाच्या, सगळ्या कंपन्यांसाठीच्या स्टँडर्डमध्येही हे सांगायची सोय आहे: त्याच्या ८०२.३ विभागात पोर्टला ऑटो-निगोशिएशन येतं का, ते चालू आहे का आणि सध्या कोणता मोड आहे, हे सगळं शेजाऱ्याला कळवता येतं. लिनक्सवर एलएलडीपीडी हा त्याचा प्रोग्रॅम चालत असेल तर सर्व्हरवर बसूनच स्विचच्या टोकाची खबर मिळते.

ऑटोवर आणणं

दोन्ही टोकं ऑटोवर. बस, ९५ साली ठरलेला हा नियम आजही तसाच आहे. मग फिक्स करायची सवय कुठून आली? सुरुवातीच्या स्टँडर्डमध्ये काही संदिग्ध जागा होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांनी त्यांचे वेगवेगळे अर्थ लावले, आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्विचशी जुळेना. १९९८ च्या आवृत्तीत त्या जागा साफ झाल्या. पण दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितच राहिले, आणि ‘सर्व्हरचे पोर्ट नेहमी फिक्स करावेत’ हा सल्ला एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिला.

लिनक्सवर तात्पुरतं:

ईथटूल, डॅश स्मॉल एस, ईटीएच०, ऑटोनेग ऑन

हे रीबूट झाल्यावर जातं. कायमचं करायचं तर ज्याच्या हाती नेटवर्क आहे त्याला सांगावं लागतं. नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, कनेक्शनचं नाव, आणि पुढे ८०२-३-इथरनेट डॉट ऑटो-निगोशिएट यस. इथे एक बारकावा आहे. या सेटिंगचं मूळ मूल्य ‘नो’ असतं, ते बघून घाबरू नका. स्पीड आणि डुप्लेक्स दोन्ही रिकामे असतील तर त्या ‘नो’चा अर्थ ‘लिंकच्या भानगडीत मी पडत नाही’ एवढाच, आणि कार्ड आपल्या मूळ सवयीप्रमाणे ऑटोवरच राहतं. सिस्टमडी वापरत असाल तर डॉट लिंक फाइलच्या लिंक विभागात ऑटोनिगोशिएशन इज इक्वल टू यस. शिवाय जुन्या मशिनवर बूटच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी ईथटूल किंवा त्याहून जुन्या एमआयआय-टूलची ओळ टाकलेली नाही ना, हे बघा. माझ्या बॅकअप सर्व्हरवर ती तिथेच होती.

विंडोजवर त्याच स्पीड अँड डुप्लेक्सच्या यादीतून ऑटो निगोशिएशन निवडा. पन्नास मशिनवर करायचं असेल तर सेट-नेटअडॅप्टरॲडव्हान्स्डप्रॉपर्टी या कमांडला डिस्प्लेनेम आणि डिस्प्लेव्हॅल्यू द्या. मूल्याचा मजकूर ड्रायव्हरप्रमाणे बदलतो, म्हणून आधी गेट घालून तीच कमांड चालवा आणि जे छापलं जाईल ते जसंच्या तसं वापरा.

सिस्कोवर इंटरफेसमध्ये शिरून स्पीड ऑटो आणि डुप्लेक्स ऑटो. ‘डिफॉल्ट इंटरफेस’ मारायचा मोह होतो, पण त्याने व्हीलॅनसकट (पोर्ट कोणत्या आभासी नेटवर्कात आहे त्यासकट) पोर्टचं सगळंच पुसलं जातं. जुनिपरवर स्पीड आणि लिंक-मोड हे वेगळे, आणि बोलणी बंद करणारं नो-ऑटो-निगोशिएशन हे विधान वेगळं असतं. कॉन्फिगरेशनमध्ये ते शोधा आणि डिलीट करून कमिट करा.

दूर बसून हे करत असाल तर क्रम महत्त्वाचा. आधी पलीकडचं, म्हणजे ज्याच्यापर्यंत पोहोचायला हीच लिंक लागते ते टोक बदला, नंतर अलीकडचं. कारण बदल होताना लिंक क्षणभर पडते, आणि पलीकडच्याने परत उभं राहायला नकार दिला तर तुम्ही बाहेर अडकता. सिस्कोवर आधी ‘रीलोड इन १०’ मारून ठेवा आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करू नका. अडकलात तर दहा मिनिटांत स्विच जुन्या अवस्थेत परत येतो. सगळं ठीक झालं की ‘रीलोड कॅन्सल’ करायला विसरू नका. विसरलात तर काय होतं हे सांगायची गरज नाही.

बदलानंतर बोलणी नव्याने व्हायला हवी. लिनक्सवर ईथटूल, डॅश स्मॉल आर, ईटीएच०. स्विचवर शट आणि नो शट, म्हणजे पोर्ट बंद करून पुन्हा चालू. मग दोन्ही टोकं पुन्हा वाचा, काउंटर क्लिअर करा आणि खऱ्या वजनाची चाचणी घ्या. आयपर्फ३ (वेग मोजायचा प्रोग्रॅम) एकदा सरळ आणि एकदा डॅश कॅपिटल आर लावून उलट्या दिशेने, प्रत्येकी अर्धा मिनिट. गिगाबिटच्या लिंकवर ९४० एमबीपीएसच्या आसपास आणि १०० च्या लिंकवर ९४ च्या आसपास आकडा यायला हवा. चाचणीनंतर एफसीएस आणि लेट कोलिजन शून्यावरच राहिले पाहिजेत. ‘थोडेसे आहेत, चालतील’ असं इथे नसतं.

वेग मुद्दाम कमी ठेवायचा असेल तर

कधीकधी पोर्ट १०० वरच हवा असतो. गिगाबिटवर वेडंवाकडं वागणारं जुनं उपकरण असतं, किंवा केबल फक्त दोन जोड्यांची असते. इथे बहुतेकांचा हात फिक्स करण्याकडे जातो. त्याऐवजी बोलणी चालू ठेवा, फक्त यादी छोटी करा. समोरच्याला झुबके मिळत राहतात, त्यातून ‘फुल’ हा शब्द पोहोचतो, आणि मिसमॅचचा प्रश्नच उरत नाही. समोरच्या टोकाला हातही लावावा लागत नाही.

लिनक्सवर:

ईथटूल, डॅश स्मॉल एस, ईटीएच०, ॲडव्हर्टाइज, ०एक्स००८

हा आकडा म्हणजे बिटांची यादी आहे: १० हाफ १, १० फुल २, १०० हाफ ४, १०० फुल ८, १००० फुल हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या मोजणीत) २०. हवे ते मिळवा. १० फुल आणि १०० फुल दोन्ही हवे तर हेक्समध्ये ए. नेटवर्कमॅनेजरमध्ये ऑटो-निगोशिएट यस ठेवून स्पीड १०० आणि डुप्लेक्स फुल दोन्ही भरले की तोही नेमका हेच करतो, फक्त तो एक मोड जाहीर करतो. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ‘स्पीड ऑटो १० १००’ असं लिहिता येतं. त्यातला ‘ऑटो’ हा शब्द गाळून नुसतं ‘स्पीड १००’ लिहिलंत तर अर्थ पूर्ण बदलतो.

तांब्यावरचं गिगाबिट

१९९९ च्या ८०२.३एबी पासून तांब्याच्या तारेवर गिगाबिट आलं आणि तिथे ऑटो-निगोशिएशन सक्तीचं झालं. चारही जोड्यांवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात, त्यासाठी एकाचं घड्याळ प्रमाण मानून दुसऱ्याने त्याच्या मागे चालावं लागतं. मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे बोलणीतच ठरतं. मग विंडोजच्या यादीत ‘१ जीबीपीएस फुल डुप्लेक्स’ हा पर्याय दिसतो तो काय? नाव फिक्सचं असलं तरी आत बोलणी चालूच असते, जाहीर मात्र फक्त गिगाबिट होतं. सिस्कोवर तांब्याच्या पोर्टला स्पीड १००० लावण्याचंही तसंच. म्हणून एका बाजूला १००० आणि दुसरीकडे ऑटो हे सहसा बिनबोभाट चालतं, आणि त्यावरून १०० फुलही तसंच चालेल असा गैरसमज पसरतो.

१० जीबेसटीवर (तांब्यावरच्या १० गिगाबिटवर) आणि २.५ व ५ गिगाबिटच्या पोर्टवरही बोलणी सक्तीचीच. तिथे हाफ डुप्लेक्स उरलेलाच नाही, त्यामुळे हा सगळा लेख त्यांना लागू होत नाही, जोपर्यंत समोर १०० ला फिक्स केलेलं काही येत नाही तोपर्यंत.

गिगाबिट पोर्ट १०० फुलवर येऊन बसला तर तो मिसमॅच नव्हे. काउंटर स्वच्छ असतात, फक्त वेग कमी. बोलणी प्लगमधल्या १-२ आणि ३-६ क्रमांकांच्या पिनांवरच्या दोनच जोड्यांवर होते, तिथे दोघं गिगाबिटला राजी होतात. पण ४-५ किंवा ७-८ मधली तार क्रिंप करताना (प्लग दाबून बसवताना) बसलेलीच नसेल तर प्रत्यक्ष गिगाबिट उभं राहत नाही. शहाणी कार्डं दोन-चार प्रयत्नांनंतर आपणहून १०० वर उतरतात, बाकीची लिंक लागते-पडते असा खेळ करत राहतात. इथे सेटिंगला हात लावू नका, प्लग कापून नव्याने क्रिंप करा. नव्या लिनक्सवर ईथटूलला डॅश डॅश केबल-टेस्ट देऊन, आणि सिस्कोवर टेस्ट केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआरने, कोणती जोडी किती मीटरवर तुटली आहे याचा अंदाजही मिळतो. चाचणीपुरती लिंक पडते.

फायबर

१००० बेस-एक्स फायबरवरही ऑटो-निगोशिएशन आहे, पण ते वेगळं आहे. त्यात स्पीड ठरत नाही, फक्त डुप्लेक्स, पॉज आणि बिघाडाची खबर. एका टोकाला ते बंद आणि दुसरीकडे चालू असेल तर एक बाजू अप आणि दुसरी डाऊन असं विचित्र चित्र दिसतं. लोक एसएफपी (फायबर लावायचं मॉड्यूल) बदलत बसतात. सिस्कोवर ‘स्पीड नोनिगोशिएट’ ही ओळ शोधा आणि दोन्हीकडे सारखं करा. १० गिगाबिटच्या एसआर, एलआर (कमी आणि लांब पल्ल्याच्या) ऑप्टिक्सवर बोलणी नसतेच, तिथे दोन्ही बाजूंना एकाच वेगाचं मॉड्यूल हवं. २५ आणि १०० गिगाबिटच्या तांब्याच्या डॅक केबलवर (दोन्ही टोकांना मॉड्यूल कायमचं जोडलेल्या) पुन्हा वेगळ्या प्रकारची बोलणी येते, आणि तिथेही नियम तोच: दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद.

फिक्स करणं टळत नाही तेव्हा

सेवा पुरवणाऱ्याने आपला पोर्ट १०० फुलवर फिक्स करून दिलाय आणि बदलायला तयार नाही. किंवा मध्ये एक जुना मीडिया कन्व्हर्टर (तांबं आणि फायबर जोडणारा डबा) आहे ज्याला बोलणी येतच नाही. किंवा कारखान्यातलं यंत्र, ज्याच्या सॉफ्टवेअरला कोणी हात लावू देत नाही. अशा वेळी समोर जे आहे तेच आपल्याकडे लावा, स्पीड आणि डुप्लेक्स दोन्ही, शब्दशः तेच:

ईथटूल, डॅश स्मॉल एस, ईटीएच०, स्पीड १००, डुप्लेक्स फुल, ऑटोनेग ऑफ

समोरचं उपकरण फक्त हाफवाला हब असेल तर मात्र फिक्स करू नका. ऑटोवर ठेवा, पॅरलल डिटेक्शनने हाफ आपोआप लागेल आणि ते बरोबरच असेल.

फिक्स केल्याने बाकी काय काय जातं तेही लक्षात ठेवा. बऱ्याच उपकरणांवर ऑटो-एमडीआयएक्स (केबल सरळ की क्रॉस हे आपोआप सांभाळणं) बंद पडतं, म्हणजे कालपर्यंत चालणारी सरळ केबल दोन स्विचमध्ये चालेनाशी होते आणि क्रॉस केबल शोधावी लागते. फ्लो कंट्रोल आणि वीजबचतीची बोलणीही होत नाही. आणि जिथे वेक-ऑन-लॅन (बंद मशिन नेटवर्कवरून चालू करणं) वापरता तिथे स्विचचा पोर्ट १००० वर अडकवून ठेवू नका. बंद असलेल्या मशिनचं कार्ड वीज वाचवायला बहुतेक १० किंवा १०० वर उतरतं, स्विच त्याला तिथे भेटत नाही, आणि मशिन उठत नाही.

फिक्स केलेल्या प्रत्येक पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये ‘१०० फुल फिक्स, समोरही तसंच’ आणि तारीख लिहा. वेगळ्या एक्सेल शीटमध्ये नव्हे, पोर्टवरच. तीन वर्षांनी स्विच बदलणारा माणूस कॉन्फिगरेशनच बघणार आहे. आणि मॉनिटरिंगमध्ये एसएनएमपीच्या (उपकरणांचे आकडे नेटवर्कवरून वाचायच्या पद्धतीच्या) इथरलाइक-एमआयबीमधला डॉट३स्टॅट्सडुप्लेक्सस्टेटस हा आकडा सगळ्या पोर्टसाठी घेत चला. ३ म्हणजे फुल, २ म्हणजे हाफ. २ दिसला की अलर्ट, आणि ज्या दोन-चार पोर्टवर खरोखरच जुना हब आहे तेवढे वगळा.